हाड जुळले, दावा अजून का चालू आहे?

ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने अमुक जखमीला इतके लाख रुपये मंजूर केले, अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते आणि वाचणाऱ्याची नजर साहजिकच रकमेवर जाते. त्याच बातमीत खाली कुठेतरी अपघाताची तारीख दिलेली असते, आणि ती तारीख व निकालाची तारीख यांत पुष्कळदा काही वर्षांचे अंतर असते. ज्यांच्या घरात असा दावा चालू आहे त्यांना हे अंतर रोज भोगावे लागते. पगार थांबलेला असतो, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, आणि कोर्टनाक्यावरून परत आलेल्या माणसाकडे घरच्यांना सांगण्यासारखे एकच वाक्य असते, "पुढची तारीख पडली."

हा सगळा उशीर एकाच जातीचा नाही. त्यातला काही भाग जखमेचा असतो. तो टाळायला गेलो तर नुकसान जखमीचेच होते. उरलेला भाग कागदांचा, नोटिसांचा आणि साक्षीदारांचा असतो, आणि तो बऱ्याच अंशी कमी करता येतो. कोणता उशीर सोसायचा आणि कोणत्या उशिराच्या मागे लागायचे, हे जखमीच्या घरच्यांना सुरुवातीलाच कोणी समजावून सांगत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कळव्यात राहणारा, महाप्याच्या एमआयडीसीत कंत्राटी फिटर म्हणून काम करणारा ३२ वर्षांचा एक माणूस संध्याकाळी दुचाकीवरून घरी निघाला असता ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोलीजवळ त्याला मागून ट्रेलरने धडक दिली. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, आत सळई घालावी लागली. या माणसाचे पुढे काय होते ते पाहू.

दावा कोणाविरुद्ध आणि कुठे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली जखमी माणूस भरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. हे न्यायाधिकरण म्हणजे अपघाताच्या भरपाईपुरते नेमलेले न्यायालयच असते आणि ठाण्यात ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालते. अर्जात साधारणपणे तीन विरुद्ध पक्ष असतात: वाहनाचा चालक, त्याचा मालक आणि विमा कंपनी. अर्ज जिथे अपघात झाला तिथे, जिथे जखमी राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा जिथे विरुद्ध पक्ष राहतो तिथे करता येतो. नवी मुंबईकरांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात येतो. बेलापूरची खाडी ओलांडून दोन किलोमीटरवर अपघात झाला म्हणून रोज वेगळ्या जिल्ह्यात खेटे घालण्याची गरज नाही. राहत्या घराच्या हद्दीतही अर्ज चालतो.

भरपाई एकदाच मिळते

उशिराचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी समजलेले कारण हे आहे. न्यायाधिकरण एकदा अंतिम निवाडा देते आणि त्यानंतर "पाय पुन्हा दुखू लागला, आणखी एक शस्त्रक्रिया सांगितली आहे, आता तेवढे पैसे वाढवून द्या," असे म्हणून परत जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या २००२ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे: मागितल्यापेक्षा अधिक रक्कमही योग्य असेल तर देता येते, परंतु अंतिम निवाड्यानंतर पुढच्या उपचारांसाठी पुन्हा निवाडा देण्याची सोय कायद्यात नाही. म्हणून पुढचा खर्च आधीच अंदाजून त्याच एका रकमेत धरावा लागतो.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर जाणता गवंडी लगेच खर्चाचा आकडा सांगत नाही. पाऊस थांबू दे, भिंत वाळू दे, मग ओल कुठवर गेली आहे ते कळेल, असे तो म्हणतो. जुलैत घाईने ठरवलेला खर्च ऑक्टोबरात हमखास अपुरा पडतो. मोडलेल्या हाडाचेही तसेच आहे. नडगीचे हाड नीट जुळले की नाही, जंतुसंसर्ग झाला का, पाय आखूड झाला का, गुडघा किती वाकतो, आतली सळई काढावी लागणार का, या प्रश्नांची उत्तरे पहिल्या तीन महिन्यांत मिळत नाहीत. उपचार संपून प्रकृती एका जागी स्थिरावल्याशिवाय कायमचे अपंगत्व किती टक्के आहे हे जबाबदार डॉक्टर लिहून देत नाही, आणि त्याने तसे लिहून देऊही नये. मेंदूला मार लागला असेल किंवा लहान मुलाचे हाड मोडले असेल तर हा काळ आणखी लांबतो, कारण मुलाची वाढ व्हायची असते.

आमच्या फिटरच्या बाबतीत पहिले वर्ष-दीड वर्ष असेच जाणार. हा जखमेचा उशीर आहे.

टक्क्यांमागे लाख रुपये असतात

आता पैशांचा हिशेब पाहू, कारण तो कळल्याशिवाय विमा कंपनी एकेका टक्क्यासाठी इतकी का भांडते हे कळत नाही.

कमाई बुडाल्याची भरपाई काढताना वार्षिक उत्पन्नाला एका ठरलेल्या आकड्याने गुणतात. त्याला गुणक म्हणतात. सरला वर्मा या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणकांचा तक्ता दिला. ३१ ते ३५ वयासाठी तो १६ आहे, ४६ ते ५० साठी १३ आणि ६५ च्या पुढे ५. कल्पना अशी की इतकी एकरकमी रक्कम बँकेत ठेवली तर व्याज आणि थोडी थोडी मुद्दल वापरत माणसाची कमावती वर्षे निघावीत. प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाने पुढे होऊ शकणाऱ्या पगारवाढीचाही हिशेब ठरवून दिला. चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसासाठी ती वाढ ४० टक्के धरतात. हा हिशेब मृत्यूच्या दाव्यात ठरला असला तरी जखमींनाही त्याचा लाभ मिळतो, हे न्यायालयाने २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात सांगितले.

फिटरचा महिन्याचा पगार २४,००० रुपये धरू. वर्षाचे २,८८,००० रुपये होतात. ४० टक्के वाढ धरून ४,०३,२०० रुपये. १६ ने गुणल्यावर ६४,५१,२०० रुपये. आता प्रश्न एवढाच उरतो की यातली किती कमाई बुडाली. २० टक्के म्हटले तर १२,९०,२४० रुपये, ४० टक्के म्हटले तर २५,८०,४८० रुपये. म्हणजे एकेका टक्क्याची किंमत जवळपास साडेचौसष्ट हजार रुपये आहे.

शिवाय अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईवरचा टक्का हे एक नव्हेत. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक फार स्वच्छ मांडला आहे. डावा हात गमावलेला माणूस सुतार किंवा चालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित शाबूत राहते. आमच्या फिटरला दिवसभर उभे राहावे लागते, शिडी चढावी लागते, उकिडवे बसून नट आवळावे लागतात. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर दाखल्यावर २५ टक्केच लिहिले असले तरी त्याच्या धंद्याच्या दृष्टीने नुकसान पुष्कळ मोठे आहे. पण हे आपोआप मान्य होत नाही. काम कोणत्या प्रकारचे होते हे त्याला सांगावे लागते, मुकादमाला किंवा मालकाला साक्षीला आणावे लागते, डॉक्टरांना विचारावे लागते, आणि त्या प्रत्येकाची उलटतपासणी होते.

पगार सिद्ध करणे हे कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर वेगळेच दुखणे आहे. हातात २४,००० येतात, पण कागदावर १२,००० असतात आणि उरलेले रोख मिळतात. कागदावरचा आकडाच धरला गेला तर वरच्या हिशेबातली प्रत्येक रक्कम निम्मी होते. कंत्राटदार खरा पगार न्यायालयात सांगायला बिचकतो, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या अडचणी उघड होतात. अशा वेळी बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, जुना हजेरीपट, सहकाऱ्याची साक्ष असे तुकडे जमवत बसावे लागते.

डॉक्टर साक्षीला येत नाहीत तेव्हा

माझ्या मावसभावाच्या दाव्यात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सलग तीन तारखांना येऊ शकले नाहीत. प्रत्येक वेळी मावशी एक्स-रेचे मोठे पाकीट छातीशी धरून न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर सकाळपासून बसायची. चौथ्या वेळी डॉक्टर आले, आणि मग निघाले दुसरेच. मावशीने औषधांची बिले प्लॅस्टिकच्या पिशवीत अगदी जपून ठेवली होती, पण त्यांतली बरीच बिले केमिस्टच्या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची होती. त्यावरची छपाई दोन उन्हाळ्यांत उडून गेली होती आणि हातात उरले होते कोरे, पिवळट कागद. वेळच्या वेळी त्यांच्या झेरॉक्स काढल्या असत्या तर ते हजारो रुपये हातचे गेले नसते. रुग्णालयातून केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी यांच्या प्रती मिळवणेही पहिल्या वर्षातच उरकावे, कारण पुढे नोंदी सापडणे कठीण होत जाते.

डॉक्टरांची अडचणही खरी आहे. राज कुमार प्रकरणातच न्यायालयाने म्हटले आहे की शल्यचिकित्सकाला दिवसभर ताटकळत ठेवू नये, त्याला ठरावीक वेळ द्यावी, गरज पडल्यास त्याची साक्ष त्याच्या सोयीने आयुक्त (न्यायालयाच्या वतीने साक्ष नोंदवणारी व्यक्ती) नेमून नोंदवावी. कोणते कागद विरुद्ध पक्षाला मान्य आहेत हे आधीच विचारून घेतले तर साक्षीची गरजच कमी होते. हे सगळे मागता येते, आणि वकिलांना ते मागायला सांगता येते.

विमा असताना कंपनी का अडवते?

हा आक्षेप सर्वांच्या ओठावर असतो. विमा सक्तीचा आहे, हप्ता भरलेला आहे, अपघात झालेला आहे, मग वाद कसला?

विमा कंपनी मालकाच्या वतीने पैसे भरते, त्यामुळे मालकाची जबाबदारी आहे का आणि पॉलिसीच्या अटी पाळल्या गेल्या का, हे दोन्ही प्रश्न ती उपस्थित करू शकते. चूक ट्रेलरचीच होती की दुचाकीस्वार अचानक आडवा आला? दोघांची चूक निघाली तर भरपाईतून जखमीच्या चुकीचा वाटा वजा होतो. चालकाचा परवाना वैध होता का? वाहनाला परमिट होते का? यांतले काही वाद देशभर एकदमच अडकतात. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या माणसाने छोटे मालवाहू वाहन चालवले तर विमा लागू होतो का, या प्रश्नाचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला तो परवाना पुरतो असे ठरले. तोवर हा मुद्दा असंख्य दाव्यांत पुन्हा पुन्हा लढवला गेला होता. मेडिक्लेमचे मिळालेले पैसे भरपाईतून वजा करायचे का, या वादावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ते वजा करता येणार नाहीत असा निर्णय दिला.

परवान्यात किंवा अटींत खोट निघाली तरी जखमी प्रत्येक वेळी मोकळ्या हाताने परत जात नाही. न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते.

आणि नोटिसा. न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांपैकी कित्येकांची नोंदणी परराज्यातली असते. चालक गावी निघून गेलेला असतो, मालकाचा पत्ता बदललेला असतो, काही वेळा गाडी दुसऱ्याला विकलेली असते पण आरटीओच्या नोंदीत नाव जुनेच असते. कायद्याच्या दृष्टीने नोंदीतले नाव हाच मालक, हे न्यायालयाने ठरवून दिले आहे. परंतु त्याला समन्स बजावून "बजावले" असा अहवाल परत येईपर्यंत दोन-तीन तारखा सहज जातात. पत्ता चुकीचा म्हणून समन्स परत आले आणि नवा पत्ता देण्यास महिने लावले, तर तो उशीर आपलाच असतो.

पोलिसांचे नव्वद दिवस

कायद्याने हा कागदी उशीर कापण्याचा प्रयत्न केलेला आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. पंचनामा, वाहनाची तपासणी, परवाना, पॉलिसी, जखमांचे प्रमाणपत्र हे सगळे त्यातच जोडले जाते. विमा कंपनीने माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत आपला प्रस्ताव मांडायचा, जखमीला तो पटला तर न्यायाधिकरणाने संमती नोंदवायची आणि पुढच्या ३० दिवसांत पैसे द्यायचे, असा हा क्रम आहे. हे नियम नीट पाळले जावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सविस्तर निर्देशही दिले. म्हणून जखमीच्या घरच्यांनी पोलीस ठाण्यात केवळ "एफआयआरची प्रत द्या" एवढेच न म्हणता सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का, हे नाव घेऊन विचारावे.

फौजदारी खटला संपेपर्यंत भरपाई मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. चालकाला शिक्षा होण्यासाठी गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईसाठी मात्र चूक त्याची असण्याची शक्यता अधिक, एवढे पुरते. दोन्ही प्रकरणे स्वतंत्र चालतात.

मग बरे झाल्यावरच अर्ज करावा का?

मुळीच नाही, आणि ही चूक आज फार महाग पडते. १९९४ च्या दुरुस्तीने अर्जाची मुदत काढून टाकली होती, त्यामुळे "क्लेम कधीही टाकता येतो" हा सल्ला जवळजवळ तीन दशके बरोबर होता आणि अजूनही कानावर येतो. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे, परंतु त्या भरवशावर कोणी बसू नये. दुसरे असे की कलम १७१ प्रमाणे व्याज अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळू शकत नाही, त्यामुळे उशिरा अर्ज करणाऱ्याचे तेवढ्या महिन्यांचे व्याज कायमचे जाते. अर्ज लगेच दाखल करावा. अपंगत्वाचा पुरावा मात्र जखम स्थिरावल्यावर द्यावा.

या मधल्या काळात हातात काहीच पडत नाही असेही नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी भरपाईही कायद्यात आहे: कलम १६४ प्रमाणे मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. येथे मात्र जपून पाऊल टाकावे. कंपनीच्या प्रस्तावातून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली तर न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपुष्टात येतो. गुडघा कायमचा गेलेल्या फिटरने अडीच लाखांवर सही केली तर बारा किंवा पंचवीस लाखांचा प्रश्नच उरत नाही. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची वेगळी योजना आहे.

लोकअदालतीत तडजोड केलेली बरी नाही का?

पुष्कळदा बरी असते. अपघाताबद्दल वाद नाही, उपचार संपले आहेत, अपंगत्वाचा दाखला हातात आहे आणि मतभेद फक्त रकमेचा आहे, अशा दाव्यासाठी लोकअदालतीसारखी जागा नाही. तिथे ठरलेल्या निवाड्यावर अपील होत नाही, त्यामुळे पैसे लवकर मोकळे होतात. पण अपील नाही ही गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. सळई अजून पायात आहे आणि डॉक्टर "बघू" म्हणत आहेत, अशा वेळी घरातली ओढाताण पाहून केलेली तडजोड पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च जखमीच्याच माथी मारते. वरचा गुणकाचा हिशेब कागदावर मांडून, समोरचा आकडा त्याच्या कितपत जवळ आहे हे पाहूनच हो किंवा नाही म्हणावे.

निकालानंतरचे महिने

निवाड्यानंतर ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. ती न भरल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुलीचा मार्ग आहे. जमा झालेली सगळी रक्कम लगेच हातात येत नाही. ती खर्चून जाऊ नये म्हणून काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो आणि त्याचे व्याज दरमहा मिळते.

कोणत्याही बाजूला ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते. भरपाई देणाऱ्याने अपील केले तर त्याला २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या ५० टक्के, यांतली जी कमी असेल ती रक्कम आधी भरावी लागते, आणि वसुलीला स्थगिती हवी असेल तर न्यायालय बहुधा बरीच मोठी रक्कम जमा करायला सांगते. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या जमा रकमेतला काही भाग काढू द्यावा, अशी विनंती जखमीला करता येते. उपचार, मुलांची फी, घरभाडे अशी कारणे पुराव्यासह मांडली तर न्यायालय त्याचा विचार करते. मात्र हा अर्ज आपणहून कोणी करत नाही. आपल्या वकिलांना सांगून तो वेगळा दाखल करावा लागतो.